दीड फुटी शब्द

भाची परदेशी शिकायला जायची परीक्षा देतेय. त्यासाठी आडवळणी इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि ते ऐकायला घरात एक रिकामा माणूस लागतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात तो मी. रात्री जेवणं उरकली की मी कार्डं धरून बसतो, ती अर्थ सांगते. आता पन्नाशीत मलाच या शब्दांचा नाद लागलाय. तिच्या नकळत दोनशे पानी वहीसुद्धा घातली.

वहीतला पहिला मानकरी सेस्क्विपेडालियन. लॅटिनमध्ये सेस्क्वि म्हणजे दीड, पेस म्हणजे पाऊल. दीड-दीड फुटांचे शब्द फेकणाऱ्यांना रोमन कवी होरेसनं दोन हजार वर्षांपूर्वी मारलेला हा टोमणा. मी ओरडलोच, "अगं, हा तर आपला दीडशहाणा!"

"मामा, अर्थ वेगळाय."

असेल. पण दीडाच्या नशिबी तिथेही चेष्टाच. शब्द बसला तो बसलाच.

पेट्रिकोर मात्र मी हौसेनं वापरायला गेलो. पहिल्या पावसाच्या वासाला 1964 साली दोन शास्त्रज्ञांनी दिलेलं हे नाव, ग्रीकमधला दगड आणि देवांच्या नसांतून वाहणारा द्रव जोडून. वळीव कोसळायला लागला तसं मी खिडकीत उभा राहून मोठ्यांदा म्हटलं, "पेट्रिकोर!" आतून बायको म्हणाली, "आधी गच्चीवरच्या कुरडया काढा."

परवा मी भाचीला सहज म्हणालो, "इंग्रजीच्या क्लासांचं नुसतं पेव फुटलंय." ती थांबली. "पेव म्हणजे काय?"

सांगलीची पोर, आणि पेव माहीत नाही! रविवारी स्कूटरवर घालून जवळच्या हरिपूर गावी नेलं. जमिनीखाली हळद साठवायची ही पेवं. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. एका म्हाताऱ्यानं उरलेल्या एकाचं तोंड दाखवलं. माणूस जेमतेम उतरेल एवढं. "उघडल्या उघडल्या उतरायचं नसतं," तो म्हणाला. "आधी कंदील सोडायचा. विझला तर हवा नाही."

भाची वाकून बराच वेळ आत बघत राहिली.

घरी येऊन तिनं कोऱ्या कार्डावर 'पेव' लिहिलं. मागे 'सायलो', म्हणजे धान्याची कोठी, असं लिहिलं आणि खोडलं. "सायलो तर उंच असतो ना, मामा?"

कोश काढला. सायलोचं मूळ ग्रीक सिरोसमध्ये असावं, असं त्यात होतं. आणि सिरोस म्हणजे धान्य साठवायचा खड्डा.

तिनं खोडलेल्या शब्दाखाली तोच शब्द पुन्हा लिहिला.