तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं वैर, तरी व्यापार का तुटत नाही?

आंतरराष्ट्रीय राजकारणावर कुठेही बोलले, की शेवटी एक प्रश्न येतोच. अमेरिका आणि चीन एकमेकांच्या एवढे मुळावर उठलेत, तर व्यवहार एकदाचे तोडून का टाकत नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना’ हेच उत्तर तयार असतं. मला ते पटत नाही. त्या म्हणीत माया आहे, आणि या दोघांत ती कधीच नव्हती.

मी सुरुवात करते एका चुंबकापासून. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एफ-३५ या लढाऊ विमानांचा ताबा घेणं थांबवलं. विमानातल्या एका यंत्राच्या चुंबकात वापरलेला मिश्रधातू चीनमधून आल्याचं लक्षात आलं होतं, आणि अमेरिकी कायद्याला ते चालत नाही. पॅसिफिकमध्ये चीनला वचक बसावा म्हणून जे विमान, त्याच्याच पोटात चिनी धातू! ऑक्टोबरमध्ये खास सवलत देऊन विमानं पुन्हा ताब्यात घेतली गेली. मला तेव्हापासून वाटतं, की या दोन देशांचं नातं समजून घ्यायला ते सवलतीचं पत्र पुरेसं आहे.

अमेरिकेने हे असं होऊ कसं दिलं? कॅलिफोर्नियातली माउंटन पासची खाण एके काळी अशा चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांचा (‘रेअर अर्थ्स’) जगातला सर्वांत मोठा स्रोत होती. रंगीत टीव्हीच्या पडद्यावरचा लाल रंग युरोपियम नावाच्या ज्या दुर्मिळ धातूमुळे खुलायचा, ते तिथून यायचं. मग चीनचा स्वस्त माल आला, खाणीच्या सांडपाण्याच्या गळतीची प्रकरणं झाली, आणि २००२ मध्ये खोदकाम थांबलं. पुढे खाण पुन्हा चालू झाली, तरी तिथला माल शुद्धीकरणासाठी कित्येक वर्षं चीनलाच जात राहिला. ही खनिजं जमिनीत तशी बऱ्याच ठिकाणी सापडतात. अवघड आहे ते एकमेकांत मिसळलेले, जवळजवळ सारख्याच गुणांचे धातू वेगळे काढणं. हे किचकट, प्रदूषण करणारं काम चीनने चिकाटीने अंगावर घेतलं, आणि आज जगातल्या शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के वाटा त्याच्याकडे आहे. याला नुसता चीनचा कावा म्हणणं अन्यायाचं होईल. पाश्चात्त्य कंपन्यांना ते काम आपल्या दारात नकोच होतं.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, चीनने १२५ टक्क्यांपर्यंत. बातम्यांत हेच आकडे गाजले. पण चीनने त्याच महिन्यात सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, आणि खरा घाव तिथे बसला. नाक दाबलं की तोंड उघडतं. मे महिन्यात फोर्डला शिकागोतला कारखाना चुंबकांअभावी आठवडाभर बंद ठेवावा लागला. मग अमेरिकेनेही चीनचं नाक शोधलं. सी९१९ हे चीनचं अभिमानाचं प्रवासी विमान अमेरिकी-फ्रेंच इंजिनावर उडतं. त्या इंजिनांच्या निर्यातीचे परवाने रोखले गेले. जुलैपर्यंत दोघांनीही पकड थोडी सैल केली.

सोयाबीनची गोष्ट मात्र मला आतून अस्वस्थ करते. १९८५ मध्ये हेबै प्रांतातल्या एका काउंटीचा तरुण अधिकारी शेतीची पाहणी करायला अमेरिकेत आला आणि आयोवा राज्यातल्या मस्कॅटिन गावी एका कुटुंबाच्या घरी राहिला. ते शी जिनपिंग. २०१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष असताना ते मुद्दाम त्याच गावी जुन्या ओळखीच्या माणसांना भेटायला गेले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनचा एक दाणाही आयात केला नाही. ज्या राज्यात पाहुणचार घेतला, तिथल्या शेतकऱ्यांचंच पीक कोठारात पडून राहिलं. चीनला हे जमलं, कारण २०१८ च्या शुल्कयुद्धापासून त्याने ब्राझीलकडून होणारी खरेदी वाढवत नेली होती. ऑक्टोबरअखेर दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले, सोयाबीनची खरेदी पुन्हा ठरली, दुर्मिळ खनिजांवरची चीनची नवी बंधनं वर्षभर लांबणीवर पडली. पण शेतकऱ्याला त्या हंगामात जे कळायचं ते कळलं.

म्हणूनच व्यापार किती अब्जांचा, या आकड्यावरून मी आता काही ठरवत नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, की पुरवठा बंद झाला तर पर्याय उभा करायला किती वर्षं लागतील? सोयाबीनला ब्राझील होता. दुर्मिळ धातूंना तसा ब्राझील अजून सापडलेला नाही.

पूर्वी मी हिरिरीने सांगायचे, की एवढा व्यापार असलेले देश लढत नाहीत. १९१४ चं, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचं, नीट वाचल्यावर माझं ते मत टिकलं नाही. ब्रिटन आपले बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीतून आणायचा. युद्ध पेटलं तेव्हा सैनिकांच्या गणवेशाला खाकी रंग कुठून आणायचा, हा प्रश्न पडला. रंग नाही म्हणून युद्ध थांबलं नाही.

परावलंबन वेळ मिळवून देतं, हे मी आजही मानते. तो वेळ दोघंही समझोत्यासाठी न वापरता सुटका करून घेण्यासाठी वापरताहेत, याची मला मनापासून भीती वाटते. दोघंही अडकलेले असतात तेव्हा दोघंही सांभाळून पावलं टाकतात. आपण सुटलो आणि समोरचा अजून अडकलेला आहे, असं ज्या दिवशी एकाला वाटेल, त्या दिवसाची मला धास्ती आहे. मग ते वाटणं खरं असो वा खोटं.

म्हणून युद्ध होईल का असं कुणी विचारलं, तर नेत्यांच्या भाषणांपेक्षा माझं लक्ष दोन ठिकाणी असतं. एक, टेक्सासमधला फोर्ट वर्थचा चुंबकांचा कारखाना. माउंटन पासची खाण ज्या कंपनीची, तिचाच तो, आणि त्याचं नाव ‘इंडिपेंडन्स’. त्या कंपनीत जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ४० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं. आणि दुसरं, सी९१९ साठी चीन स्वतः घडवत असलेलं सीजे-१००० इंजिन. यांतलं आधी कोणतं पूर्ण ताकदीने चालू लागतं, त्याकडे मी डोळे लावून बसले आहे.