वर गेले ते पाठ आहे, खाली कसे आले?

शाळेत जीकेसाठी घोकलेलं, अंतराळात पहिला माणूस कोण, गागारिन, कधी, १२ एप्रिल १९६१. संपलं. तो खाली कसा आला हे ना कुणी विचारलं ना आम्हाला तो प्रश्न पडला. परवा सहज वाचत बसलो तर कळलं की पठ्ठ्या यानात बसून उतरलाच नव्हता! व्होस्तोकचा, म्हणजे त्याच्या यानाचा गोळा जमिनीवर एवढ्या जोरात आदळायचा की आत माणूस ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून साधारण ७ किलोमीटर उंचीवर गागारिन खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने वेगळा उतरला. आता विक्रमाच्या नियमात होतं की वैमानिकाने यानातच बसून उतरायला हवं, त्यामुळे सोव्हिएतवाल्यांनी ही गोष्ट बरीच वर्षं दाबून ठेवली.

तेव्हापासून मला वाईट सवय लागलीये, कुठलंही मिशन वाचायला घेतलं की आधी शेवट उघडतो. अमेरिकेच्या गस ग्रिसमचं बघा, जुलै १९६१, १५ मिनिटांचं उड्डाण झकास झालं, समुद्रात नीट उतरला, आणि हेलिकॉप्टरची वाट बघत असताना यानाचं झाकणच उडालं. तो पोहून वाचला, यान बुडालं ते डायरेक्ट १९९९ मध्ये तळातून वर काढलं.

पण माझा फेव्हरेट सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह. १८ मार्च १९६५, यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस, १२ मिनिटं बाहेर होता, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. बाहेर हवाच नाही, त्यामुळे त्याचा सूट आतल्या दाबाने फुगला, बोटं हातमोज्यांतून मागे सरकली, पाय बुटात राहीनात, आणि असला फुगा परत एअरलॉकच्या, म्हणजे यानात आत-बाहेर करायच्या नळकांड्यात शिरणार कसा? शेवटी त्याने व्हॉल्व्ह उघडून सुटातली हवा थोडी थोडी सोडली, पायांकडून शिरायचं ठरलेलं ते डोक्याकडून घुसला आणि मग त्या अरुंद जागेत कसाबसा उलटा वळला. घाम इतका की सुटात पाणी डचमळत होतं म्हणे.

एवढं होऊन उतरताना ऑटोमॅटिक यंत्रणा बंद पडली! त्याचा जोडीदार बेल्यायेव्ह याला हाताने यान वळवावं लागलं, आणि खिडकीतून दिशा बघायची तर खुर्चीत बसून जमत नव्हतं, म्हणून हा खुर्च्यांवर आडवा पडून निशाणा धरतोय आणि मग परत जागेवर येऊन इंजिन चालू करतोय. त्यात काही सेकंद गेले. त्या वेगात काही सेकंद म्हणजे काय, तर ठरलेल्या जागेपासून जवळपास ३८० किलोमीटर लांब, उरल पर्वताकडच्या बर्फाळ जंगलात. झाडी एवढी दाट की हेलिकॉप्टर उतरेना. दोघांनी सूट काढून आतले कपडे पिळले आणि पुन्हा घातले, कारण घामाचं बर्फ झालं असतं. दोन रात्री जंगलात काढून तिसऱ्या दिवशी स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत गेले. अंतराळातून येऊन शेवटचा टप्पा स्कीवर, ह्याला काय म्हणायचं!

लांडगे-अस्वलांची भीती लिओनोव्हच्या डोक्यातून काही गेली नाही. पुढे १९८० च्या दशकात सोयुझ या सोव्हिएत यानाच्या सामानात तीन नळ्यांची पिस्तूल आली त्यामागे त्याचाच हट्ट होता.

सोयुझ ११ मात्र मी एकदाच वाचलं, परत नाही वाचलं. जून १९७१, तिघं जण साल्युत या अंतराळ स्थानकात तीन आठवडे राहून निघाले. पॅराशूट उघडलं, यान अगदी नीट उतरलं, शोधपथक पोहोचलं, बाहेरून ठोठावलं, उत्तर नाही. यानाचे भाग सुटे होताना एक व्हॉल्व्ह उघडला गेला होता आणि वरच सगळी हवा निघून गेली होती. तिघांच्या अंगावर प्रेशर सूट नव्हते कारण तीन माणसं बसवायची तर सुटांना जागाच उरत नव्हती. त्यानंतर एक खुर्चीच काढून टाकली, थेट १९८० पर्यंत सोयुझमधून दोघं दोघंच जात राहिले, सूट घालून.