सहा फुटी रीफ टाकीसाठी दिवे निवडताना

खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवायची ही टाकी 180 सेंटिमीटर लांब, 75 रुंद, 60 खोल. काठोकाठ भरली तर 810 लिटर. दिवे ठरवायला बसलो तेव्हा वॉटचा हिशोब पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. लिटरमागे अमुक वॉट हा नळ्यांच्या काळातला ठोकताळा. एलईडीत भिंगाचा कोन, टांगण्याची उंची आणि रंगांचं मिश्रण बदललं की त्याच वॉटमध्ये तळाशी पोचणारा उजेड कितीतरी बदलतो. मोठ्या टाकीत भरपूर उजेड पाडणं सोपं असतं, तो सगळीकडे सारखा पसरवणं अवघड.

म्हणून दिव्यांआधी कोरलचा नकाशा काढला. खडकांची दोन बेटं, माथे पाण्याखाली 18 सेंटिमीटरवर: तिथे अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा ही जास्त उजेड मागणारी कठीण सांगाड्याची कोरल. उतारावर युफायलियासारखे एलपीएस (मोठ्या पॉलिपची, म्हणजे मोठ्या एकेकट्या जिवांची कोरल), वाळूवर आणि कोपऱ्यांत झोअँथस, मशरूम ही कमी उजेडात भागणारी मऊ कोरल. प्रत्येक जागेपुढे पारचा आकडा लिहिला. पार म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला कामी येणारा उजेड. दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते यात मोजतात. माथ्यासाठी 250 ते 350, उतारासाठी 100 ते 150, खाली 50 ते 100. याहून जास्त देऊन वाढ तेवढीच वाढत नाही. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळाची क्षमता एका मर्यादेनंतर भरते, आणि पुढचा उजेड त्यालाच इजा करतो.

रंगाबाबत फार घोळ घातला नाही. त्या शेवाळाला मुख्यतः 400 ते 480 नॅनोमीटरचा जांभळा-निळा पट्टा लागतो. पांढरा बराचसा आपल्या डोळ्यांसाठी. तो 20 टक्क्यांवर ठेवला, लाल आणि हिरवा 5 टक्क्यांच्या आत. इथे एक गोष्ट नीट तपासावी लागते. कंपन्या पारचा आकडा बहुधा सगळे चॅनल (रंग) 100 टक्क्यांवर ठेवून, दिव्याच्या बरोबर मध्याखालचा देतात. आपल्या निळ्या मिश्रणात दिवा त्याच्या बराच खाली चालतो. तेव्हा आपल्या मिश्रणावर तो किती वॉट घेतो आणि 60 सेंटिमीटरच्या चौकोनाच्या कडेला किती पार मिळतो, हे दोन प्रश्न विकत घेण्याआधी विचारावेत.

मेटल हॅलाइड या जुन्या प्रखर दिव्याचा विचार मनापासून केला, कारण त्याचा पसारा आणि पाण्यावरची लहर अजूनही सुंदरच. पण 250 वॉटचे तीन दिवे म्हणजे पाणी तापणार, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) मोठा लागणार. ते सोडलं. एका एलईडीचा उपयोगी पसारा साधारण 60 बाय 60 सेंटिमीटर धरतात, म्हणून 180 सेंटिमीटरला तीन दिवे घेतले. लांबीचा प्रश्न सुटला, 75 सेंटिमीटर रुंदीचा राहिला.

तो मोजताना समोर आला. मोजणी टाकी भरूनच करायची. पाणी असलं की काचेच्या आतल्या बाजूवरून उजेड परत फिरतो, त्यामुळे कोरड्या टाकीतले आकडे कामाचे नाहीत. मोजणीच्या दोन दिवस आधी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घातला. तो पाण्याचा पिवळेपणा काढतो. पिवळसर पाणी निळा उजेड खातं, आणि नंतर कधी कार्बन घातला तर कोरलवर एकदम जास्त उजेड पडून ती फिकी पडतात. लक्स मीटर इथे फसवतो; तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्याला जास्त वजन देतो आणि निळा जवळजवळ मोजतच नाही. पूर्ण पट्टा मोजणारा, पाण्यात चालणारा अ‍ॅपोजीचा एमक्यू-510 वापरला. सेन्सर पीव्हीसीच्या काठीला काटकोनात बांधला, कारण तो जरा कलला तरी आकडा बदलतो. लांबीला सहा, रुंदीला तीन असे 18 बिंदू. प्रत्येकी 15, 30 आणि 45 सेंटिमीटर खोलीवर. पंप मंद ठेवून दर बिंदूला दहा सेकंदांची सरासरी घेतली, नाहीतर लहरींमुळे आकडा नाचत राहतो.

दिवे पाण्यापासून 20 सेंटिमीटरवर असताना मध्यभागी 15 सेंटिमीटर खोलीवर 430 आला आणि पुढच्या कोपऱ्यात तळाजवळ 40. दिवे 30 सेंटिमीटरवर नेले: मध्य 310, कोपरा 55. आणखी वर नेले असते तर टाकीपेक्षा घरातली खोलीच जास्त उजळली असती. शिवाय आकड्यांत न दिसणारी सावली होतीच. एलईडीचा उजेड थोड्याच जागेतून येतो, अ‍ॅक्रोपोराचं झुडूप दाट झालं की खालच्या फांद्या अंधारात जातात आणि तिथली त्वचा मरत जाते. म्हणून एलईडीच्या पुढे दोन, मागे दोन अशा 80 वॉटच्या चार टी-5 (बारीक फ्लुरोसंट) नळ्या जोडल्या. ही नळी सुमारे 145 सेंटिमीटर लांब, म्हणजे दोन्ही टोकांना 17-18 सेंटिमीटर सुटतात. तिथे मशरूम बसवले. नळ्या अर्धा तास तापू देऊन पुन्हा मोजलं. एलईडी 55 टक्क्यांवर आणूनही माथ्यावर 280 आणि कोपऱ्यात 85 मिळाले. जो पसारा हवा होता तो हाच.

सगळा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर, स्टीलच्या तारा आणि कप्पीने वर उचलता येईल असा टांगला. टाकीत हात घालायची वेळ रोज येते. वायरींना प्लगच्या खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगपर्यंत न जाता तिथेच गळतं. आरसीसीबी, म्हणजे गळतीचा करंट दिसताच वीज तोडणारा स्विच, अर्थातच हवा.

कोरल आल्यावर पहिल्या आठवड्यात एलईडी 25 टक्क्यांवर आणि नळ्या फक्त मधले चार तास. नंतर दर आठवड्याला एलईडी 5 टक्क्यांनी आणि नळ्या एक तासाने वाढवल्या. सहा आठवड्यांत 55 टक्के आणि दहा तास झाले. 250 पारवर दहा तास म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे 9 मोल. माथा फिका पडू लागला आणि पॉलिप आत राहिले तर उजेड जास्त. सगळंच तपकिरी होत गेलं तर सहसा कमी, किंवा नायट्रेट-फॉस्फेट फार. अशा वेळी उजेड आणि जागा एकदम बदलू नये, कशाने फरक पडला ते कळत नाही. उजेडाबरोबर कोरल क्षारही जास्त ओढू लागतात. अल्कलिनिटीचा (कोरलच्या सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेटांच्या पातळीचा; ती डीकेएचमध्ये मोजतात) रोजचा खप 0.5 डीकेएचवरून 1 वर गेला, म्हणून त्या सहा आठवड्यांत ती एक दिवसाआड तपासून 8 च्या आसपास ठेवली. अल्कलिनिटी चढी, नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ आणि वर तीव्र उजेड असला की फांद्यांची टोकं जळतात.

भिंगांवर मीठ बसतं. दर आठवड्याला आरओच्या पाण्याने ओलं केलेलं मऊ कापड फिरवतो. नळ्या दहाव्या महिन्यात बदलतो, आधी दोन, पंधरवड्याने उरलेल्या दोन. 18 बिंदूंचा तक्ता कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवला आहे, दर सहा महिन्यांनी त्यात नवा रकाना भरतो.