शाळेवर सोलर न्यायचंय? गाडी नेमकी कुठे थांबते ते आधी विचारा

"गाडी थेट शाळेच्या दारात जाते," असं फोनवर तीनदा सांगितलं होतं. गाडी ओढ्याशीच थांबली. पुढे तीन किलोमीटर पायवाट, त्यातला शेवटचा अर्धा किलोमीटर घसाऱ्याचा उभा चढ. आणि आमच्याकडे 150 अँपिअर-अवर साठवणीची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी, ॲसिड भरलेली, वजन 50 किलोच्या वर. ड्रायव्हरने वाट खराब होती म्हणून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट मागितले. सामान अजून टपावर बांधलेलं होतं, म्हणून मुकाट्याने दिले. तुम्ही भाडं ठरवाल तेव्हा गाडी कुठवर येणार आणि सामान कोण उतरवणार, हे आदल्या दिवशीच मेसेजवर लिहून घ्या.

घसाऱ्यावर दोन तास गेले. दोन बांबूंना झोळी बांधून चौघांनी बॅटरी उचलली. पुढचे दोघे वर गेले की बॅटरी मागे कलायची, आणि झाकणाशेजारून ॲसिड पाझरायचं. माझ्या मांडीवर ओला डाग दिसला, हात लावला तर कापडच सुटून आलं. प्यायचं सगळं पाणी तिथेच ओतून पाय धुतला. माझं स्पष्ट मत आहे: चढावर लेड-ॲसिड नेऊ नका. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे 150 मधले 75 हाती लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 अँपिअर-अवरची बॅटरी साधारण 12 किलोची असते आणि तिच्यातले 80 बिनधास्त वापरता येतात. महाग पडते, तरी तीच घ्या. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा, तिला चालणारा आहे ना, आणि त्यात सेटिंग त्याच बॅटरीचं लावलंय ना, एवढं तपासा.

मोठं पॅनल जवळजवळ दोन मीटर लांब असतं आणि खिंडीत वारा सुटला की माणसालाच फिरवतं. लहान आकाराची दोन घ्या, काचेला काच लावून मध्ये पुठ्ठा घाला आणि पहाटेच चढायला लागा.

दुसरी फसगत वर पोचल्यावर झाली. "आधीचं सोलर आहे, फक्त बॅटरी बदलायची," असं सांगणाऱ्याने बहुधा शाळा पाहिलीच नव्हती. बाई म्हणाल्या, "सर, ते दोन वर्षं बंद आहे. मुलांना वाटतं, छपरावरचं ते शोभेचं आहे." पेटी उघडली तर बॅटरीतल्या प्लेटा कोरड्या ठणठणीत. डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, हे बसवून गेलेल्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. याचा मला चढापेक्षा जास्त राग आला. शिवाय दुपारनंतर झाडाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर यायची. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे चौकोनी तुकडे, एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे कोपरा झाकला तरी वीज कोपऱ्यापुरती घटत नाही, पुष्कळच घटते. जागा ठरवायला शाळेत सकाळी, दुपारी आणि चारला, असं तीनदा उभं राहून बघा.

वायरीत काटकसर करू नका. 12 व्होल्टवर 10 अँपिअर, 20 मीटर अंतर आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, एवढ्यात जवळजवळ 3 व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरी वर्गाजवळ ठेवा, किंवा 24 व्होल्टवर जा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट. उन्हात पॅनल जिवंतच असतं, जोडताना त्यावर जाड चादर टाका.

दुसरा दिवस बसवण्यात गेला, काही अडचण आली नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. एरवी अशा दिवशी मागच्या दोन रांगा फळ्यापाशी येऊन बसायच्या. बाईंनी बटण दाबलं. शेवटच्या रांगेतली एक मुलगी उठायला लागली होती, ती तशीच खाली बसली आणि जागेवरूनच फळा वाचायला लागली. पाय सोललेले होते, पण त्या क्षणी मी बॅटरी पुन्हा एकदा वर आणली असती.

म्हणून सांगतो, बसवायला एक दिवस लागतो, पण मुक्काम तीन दिवसांचा धरा. जोडणी सोडून परत जोडायची, फ्यूज बदलायचा, बॅटरी लेड-ॲसिड असेल तर पाण्याची पातळी बघायची, हे सगळं आपण हात न लावता बाईंकडून दोनदा करून घ्या. जादा फ्यूज आणि लेड-ॲसिडसाठी डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन तिथेच ठेवा. आमच्या बाईंनी निघायच्या आधी पेटीच्या झाकणावर आतून रंगाने तारीख लिहिली आणि खाली पाणी बघायची पाळी असलेल्या चार मुलांची नावं.