दोन खोल्यांची शाळा राष्ट्रीय यादीत नेताना

आमच्या काउंटीतल्या ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय यादी वाचायला फार वेळ लागत नाही. पांढऱ्या खांबांची मळेवाल्यांची घरं, कोर्टाची इमारत, एखाददुसरं चर्च आणि गावातल्या जुन्या बाजारपेठेचा मिळून एक हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकत्र नोंदवलेला ऐतिहासिक परिसर. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याच्या ज्या पट्ट्याला काळ्या मातीमुळे ब्लॅक बेल्ट हे नाव पडलं, तिथे आम्ही राहतो. इथे कृष्णवर्णीयांची संख्या आजही जास्त आहे आणि पूर्वीही होती. कापूस त्यांनी पिकवला आणि यादीत घरं आली ती कापूस विकणाऱ्यांची.

आम्ही इथे आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. परदेशातून शिकायला आलेल्या डॉक्टरला मायदेशी परतण्याची अट माफ करून हवी असेल, तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काढावी लागतात. माझं शिक्षण आर्किटेक्चरचं. मुंबईत जुन्या इमारतींची मोजमापं घेण्यात आणि नकाशे काढण्यात काही वर्षं गेली होती. इथे माझ्या व्हिसावर पगारी काम करता येत नव्हतं, म्हणून लायब्ररीत जुनी कागदपत्रं स्कॅन करायला जायला लागले. तिथेच एका चर्चच्या डीकनकाकांनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एकांनी, विचारलं, "तुला इमारती कळतात म्हणे. आमची एक बघशील?"

इमारत चर्चच्या मागे, पाइनच्या झाडीत होती. विटांच्या बुटक्या खांबांवर उभी असलेली दोन वर्गखोल्यांची लाकडी शाळा. पत्रा गंजलेला, एका कोपऱ्यात जमीन दबलेली, आत चर्चच्या जुन्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. ही रोझेनवॉल्ड शाळा. शिकागोच्या सिअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवॉल्ड आणि अलाबामातल्या टस्कीगीचे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१२ मध्ये टस्कीगीच्या आसपास सहा छोट्या शाळांपासून हा उपक्रम सुरू केला. १९३२ मध्ये तो थांबला, तोवर दक्षिणेतल्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या होत्या. नाव रोझेनवॉल्ड यांचं लागलं, पण हिशोब बघण्यासारखा आहे. त्यांच्या निधीतून सुमारे ४४ लाख डॉलर आले आणि कृष्णवर्णीय समाजाने स्वतःच्या खिशातून सुमारे ४७ लाख घातले. बाकीचा मोठा वाटा सरकारी करांचा, आणि तो करही हीच माणसं भरत होती.

मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमांवर वाढलेल्या माझ्यासारखीला यादी म्हटलं की परवानगी आठवते. ग्रेड एकच्या इमारतीला हात लावायचा तर समितीपुढे जावं लागतं. अमेरिकेतली नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस, म्हणजे १९६६ च्या कायद्याने आलेली आणि नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते ती यादी, वेगळ्या जातकुळीची आहे. खाजगी मालक स्वतःच्या पैशाने काही करत असेल तर ही यादी त्याला अडवत नाही. उद्या त्याने इमारत पाडली तरीही नाही. चर्चच्या विश्वस्तांच्या बैठकीत मी हे सांगितलं, कारण त्यांना सरकार जमीन घेईल याची भीती होती. या भागात ती भीती उगाच नाही. माझं ऐकून भीती गेली आणि लगेच दुसरा प्रश्न आला: "मग उपयोग काय?"

उपयोग एवढाच, की सरकारी पैशाने रस्ता किंवा पूल होणार असेल तर या वास्तूचा विचार आधी करावा लागतो. अनुदान मागताना दाखवायला कागद असतो. जुनी इमारत दुरुस्त करून वापरात आणण्याच्या खर्चावर २० टक्के करसवलत मिळते खरी, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींना, आणि चर्च तर मुळात आयकरच भरत नाही. मी काही फुगवून सांगितलं नाही. तरी त्यांनी होकार दिला. एक विश्वस्त म्हणाले, निदान त्या खांबवाल्या घरांच्या यादीत आमचीही एक ओळ असू दे. मला वाटतं, खरं कारण तेच होतं.

पद्धत अशी की थेट वॉशिंग्टनला काही पाठवायचं नसतं. प्रत्येक राज्याचं वारसा कार्यालय असतं, आमचं मॉन्टगोमेरीतलं अलाबामा हिस्टॉरिकल कमिशन. आधी त्यांना फोटो आणि थोडक्यात माहिती पाठवली की पुढे जाण्यात अर्थ आहे का ते कळतं. तो पहिला फोन करावा, त्याने बरीच पायपीट वाचते. आम्हाला तिथेच कळलं की अलाबामातल्या रोझेनवॉल्ड शाळांसाठी एक सामायिक प्रस्ताव आधीच मंजूर आहे. शेजारच्या हेल काउंटीतली एमरी शाळा त्याखालीच यादीत आलेली. म्हणजे राज्यभरचा इतिहास नव्याने लिहायला नको, आपली शाळा त्यात कुठे बसते एवढंच सिद्ध करायचं.

पण सिद्ध करायचं म्हणजे कागद हवा, आणि अडचण तिथेच होती. मळेवाल्यांच्या घरांचे नकाशे, पत्रं, मृत्युपत्रं, तैलचित्रं सगळं जपलेलं असतं. या शाळेचं हजेरीपुस्तकसुद्धा कुणाकडे नव्हतं. शाळा बंद झाली तेव्हा कागद कुठे गेले हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. यादीतला असमतोल कुणी ठरवून केला नसेलही. पण ज्याच्याकडे कागद त्याचा इतिहास, अशी मांडणी असली की दुसरं काय होणार?

पहिला धागा नॅशव्हिलमध्ये सापडला. फिस्क विद्यापीठाकडे रोझेनवॉल्ड निधीची कार्डं आहेत, एका इमारतीला एक कार्ड, आणि ती घरबसल्या बघता येतात. काउंटीचं नाव टाकून चाळत गेले तर आमची शाळा निघाली. टंकलेखन केलेलं साधं कार्ड. जमीन किती, शिक्षक किती, आणि खाली पैशांच्या चार ओळी: निग्रो, गोरे, सरकारी, रोझेनवॉल्ड. गोऱ्यांच्या ओळीत काहीच नव्हतं. डीकनकाकांनी कार्डाची छापील प्रत हातात धरून पहिल्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवलं. त्यांचे आजोबा त्या आकड्यात कुठेतरी होते.

दुसरा धागा प्रोबेट जजच्या, म्हणजे काउंटीतल्या जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या न्यायाधीशाच्या, कार्यालयातली खरेदीखतं. तिथली पुस्तकं एवढी जड की दोन्ही हातांनी ओढून काढावी लागतात. चर्चच्या नावाने शोधून काही मिळेना. निधीची अट होती की जमीन आधी सरकारी शिक्षण मंडळाच्या नावावर करायची, तीही किमान दोन एकर. मग घेणाऱ्यांच्या सूचीत शिक्षण मंडळाचं नाव धरून उलटं शोधलं आणि खत सापडलं. जमीन देणारं जोडपं शेतकरी, सहीच्या जागी दोघांच्याही फुल्या. पुढे शाळा एकत्र करण्याच्या धोरणात ही शाळा बंद झाली आणि मंडळाने जागा चर्चला विकली, तेही खत पुढच्या एका पुस्तकात मिळालं. त्यामुळे यादीसाठी भरायच्या फॉर्ममधल्या 'महत्त्वाचा कालखंड' या रकान्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही आले.

मालकी चर्चची असल्यामुळे आणखी एक गाठ होती. धार्मिक संस्थेच्या मालकीची वास्तू सरसकट घेत नाहीत. तिचं महत्त्व धर्माबाहेरचं आहे, हे वेगळं लिहून द्यावं लागतं. शिक्षणाचा इतिहास आणि ठरावीक आराखड्याची वास्तुरचना, असे दोन मुद्दे मांडले. हद्द आखताना चर्चची नवी विटांची इमारत बाहेर ठेवली, पण जुनी विहीर आणि पडक्या संडासांचा पाया आत घेतला.

मला सगळ्यात रमवलं ते खिडक्यांनी. फॉर्मचा सातवा भाग इमारतीच्या वर्णनाचा, आणि त्यात तिचं मूळ रूप किती टिकलंय हे सात कसोट्यांवर दाखवायचं: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि नातं. वीज नसलेल्या गावांसाठी या शाळांचे आराखडे उजेडाभोवती बेतलेले होते. पूर्वेला किंवा पश्चिमेला उंच खिडक्यांची सलग रांग, आणि बाकं अशी की उजेड मुलांच्या डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. आमच्या शाळेत त्या रांगेच्या जागी बाहेरून फळ्या ठोकलेल्या आणि मधे दोन छोट्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या. राज्याच्या कार्यालयाने मसुदा परत पाठवला तो याच प्रश्नावर: मूळचं काय उरलंय?

उत्तर आतून मिळालं. खुर्च्या हलवल्या, एक सैल तक्ता काढला आणि मागे मूळ चौकटीचे उभे खांब ओळीने दिसले, खिडकी वर-खाली सरकवणाऱ्या वजनाची दोरी जायच्या खाचांसकट. तळाशी काचेचा एक तुकडासुद्धा होता. छताला दोन खोल्यांमधल्या सरकत्या पार्टिशनची पट्टी होती. ती कशासाठी हे मला आराखड्यावरून माहीत होतं, पण इथे शिकलेल्या नव्वदीच्या एका आजींनी ते उभ्या उभ्या दाखवलं. "बेबी, नाटकाच्या दिवशी ही भिंत तिकडे ढकलायची, म्हणजे अख्खा गाव मावायचा." भिंतीवर काळा रंग दिलेल्या साध्या फळ्या होत्या, तोच फळा. शेगडीसाठी लाकडं कोणी आणायची, पाणी कोणी भरायचं, बाईंची छडी कुठे असायची, सगळं त्यांनी सांगितलं. तारीख घालून नोंदवलेली मुलाखत पुरावा म्हणून चालते. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी फॉर्ममधली ही सगळ्यात मोठी फट आहे, ती वापरावी.

फोटोंचं एक सांगून ठेवते. ते हिवाळ्यात काढावेत, पानं गळलेली असली की इमारत दिसते. टिफ फाइल लागते, आणि प्रत्येक फोटो कुठे उभं राहून कुठल्या दिशेने काढला त्याचा बाण नकाशावर हवा. बाकी अक्षांश-रेखांश वगैरे कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. राज्याच्या समितीच्या बैठकीला डीकनकाका सूट घालून आले होते आणि बाकीच्या प्रस्तावांवर फारच बारकाईने टीका करत होते, अर्थात माझ्या कानात. आमच्यावर फारसे प्रश्न आले नाहीत. वॉशिंग्टनला पोचल्यावर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पार्क सर्व्हिस आठवड्याची यादी काढते, तीत एका शुक्रवारी आमच्या काउंटीच्या नावाखाली शाळेची ओळ आली.

यादीत नाव आलं म्हणून कोणी पाटी पाठवत नाही, ती आपल्या पैशाने करून घ्यायची असते. विश्वस्तांच्या बैठकीत पितळेच्या पाटीचा भाव वाचून दाखवला आणि एकमताने ती पुढे ढकलली गेली. जमलेले पैसे दबलेल्या कोपऱ्यातले विटांचे खांब उचलायला आणि पत्र्याला लावायचे ठरले. वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या बिगर-सरकारी संस्थेने २०१७ साली आफ्रिकन अमेरिकन वारशासाठी सुरू केलेल्या निधीचा अर्ज आता आमच्या टेबलावर आहे. त्यात खिडक्यांच्या रांगेचा खर्च मागितलाय, आणि डीकनकाकांनी आजींना पुन्हा बोलवायला सांगितलंय, काचा किती होत्या ते विचारायला.