रताळ्यांच्या चिठ्ठ्या निवडताना

कॉलेजची मंडळी निघून गेली तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीवर साठ-सत्तर चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या, आणि त्यांचं पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, रताळ्याच्या पट्ट्यात. तांबडी माती, पावसाळ्यात वरंब्यांवर वेल लावायचे, दसरा झाला की काढणीची घाई. सगळ्यांची रताळी एकाच सुमाराला निघतात आणि एकाच सुमाराला मार्केट यार्डात जाऊन पडतात. भाव काय मिळणार ते उघड आहे. यावर काही करता येईल का म्हणून एका मॅनेजमेंट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी गावात डिझाइन थिंकिंगची कार्यशाळा घेतली. या पद्धतीचे टप्पे साधारण पाच: माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, कच्चा नमुना करा, तो वापरून बघा. पहिले तीन त्यांनी चांगले केले. पोरं शेतात उतरली, बायकांबरोबर पोती भरली, दलालांशीही बोलली. मग त्यांच्या परीक्षा आल्या.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्यांची, ड्रॉइंग करतो. सोसायटीच्या चेअरमन तात्यांनी मला गाठलं. "तू डिझाइनमध्येच आहेस न्हवं? मग हे डिझाइनचंच आहे की." पॅटर्नचं डिझाइन आणि हे डिझाइन यांत काय फरक आहे हे सांगत बसण्यापेक्षा रविवार देणं सोपं होतं.

कल्पना काढताना कुणाच्याही कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, हा नियम अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातल्या अलेक्स ऑसबॉर्नने घालून दिला. नियम बरोबरच आहे. पण त्यामुळे भिंतीवर 'पोती रात्री भिजवू नयेत' आणि 'गावात रताळ्याचा कारखाना काढावा' या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी बसतात. काही चिठ्ठ्या कन्नडमध्ये होत्या, कारण गावातली निम्मी तरुण पोरं कन्नड शाळेत शिकलेली. त्या मोठ्याने वाचून घेतल्या.

आधी गठ्ठे केले. जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी नेपाळच्या डोंगराळ भागातल्या टिपणांचा पसारा आवरायला ही रीत बसवली, म्हणून तिला त्यांच्या आद्याक्षरांवरून, आडनाव आधी धरून, केजे पद्धत म्हणतात. एकसारख्या चिठ्ठ्या एकत्र आणायच्या आणि गठ्ठ्याला नाव शेवटी द्यायचं, आधी नाही. आधी 'मार्केटिंग', 'साठवण' अशी खोकी आखली की चिठ्ठ्या त्यांत कोंबल्या जातात. आमच्याकडे एक गठ्ठा असा निघाला की त्याला नावच सुचेना: उचल फेडणं, भिशीचा हप्ता, पोराची फी. शेवटी एका काकूंनी त्यावर 'थांबता येत नाही' असं लिहिलं. हा गठ्ठा पुढं फार उपयोगी पडला.

मतदान कॉलेजच्या पोरांनी जाता जाता घेतलंच होतं. प्रत्येकाला तीन ठिपके, आवडलेल्या चिठ्ठीवर चिकटवायचे. ठिपक्यांचे स्टिकर कुणी आणले नव्हते, म्हणून जनरल स्टोअरमधून टिकल्यांची पाकिटं आली. तात्यांनी उठून पहिली टिकली 'कोल्ड स्टोरेज' या चिठ्ठीला लावली. त्यानंतर ती चिठ्ठी लाल झाली. चेअरमनने लावली तिथंच आपली लावावी, यात लोकांचं काही चुकलं नाही. उघड मतदानाचं असंच होतं, मग ते बेळगावात असो की कुठल्या मोठ्या कंपनीत.

मी टिकल्या काढून टाकल्या नाहीत. फक्त चिठ्ठ्यांना नंबर दिले आणि दुसऱ्या फेरीला प्रत्येकाने वहीच्या कागदावर तीन नंबर लिहून घडी घालून डब्यात टाकले. ज्यांना लिहायला नको वाटत होतं त्यांनी माझ्या कानात सांगितलं. कोल्ड स्टोरेज तरीही वर राहिलं, पण पूर्वीइतकं नाही. खालून चार-पाच चिठ्ठ्या वर आल्या, त्यात 'नांगर लागलेली रताळी वेगळी काढा' ही एक. तिला पहिल्या फेरीत एकही टिकली नव्हती.

मतदानावर मी फार विसंबून राहत नाही. त्यातून कळतं ते एवढंच की बोलणं कुठून सुरू करावं. निवड करायची तर आधी निकष लागतात, आणि ते चिठ्ठ्यांकडे पाठ करून ठरवले तर बरं. समोर आवडती चिठ्ठी असली की माणूस तिला शोभेल असाच निकष शोधतो. पुस्तकी निकष तीन आहेत: लोकांना ते हवंय का, करणं शक्य आहे का, आणि पैशाच्या हिशेबात टिकेल का. बायकांनी ते ऐकून घेतले आणि स्वतःचे मांडले. पुढच्या काढणीच्या आत होईल का? कुणाच्या दारात न जाता आपल्या आपण होईल का? बुडालं तर किती बुडेल आणि कुणाचं? तिसऱ्या प्रश्नावर पुरुष मंडळी जरा गप्प झाली. मला तो पुस्तकातल्यापेक्षा सरस वाटला.

मग वरच्या आठ-दहा चिठ्ठ्यांना प्रत्येक निकषावर एक ते पाच गुण. प्रत्येकाने आपले गुण बोटांनी दाखवायचे, सगळ्यांनी एकाच वेळी. इथं बहुतेक ठिकाणी बेरीज करतात, सरासरी काढतात आणि वरच्या कल्पनेला हार घालतात. मला बेरजेत रस नव्हता. मी बघत होतो ते फरक. सगळ्यांची चार बोटं वर गेली तर त्या चिठ्ठीवर बोलण्यासारखं फारसं नसतं. एकाची पाच आणि दुसऱ्याचं एक, असं झालं की तिथं थांबायचं, कारण त्या दोघांपैकी एकाला असं काहीतरी माहीत असतं जे दुसऱ्याला माहीत नाही.

रताळ्याच्या पिठाची गिरणी, ही चिठ्ठी तशी. 'आपल्या आपण होईल का' याला तरुण पोरांची पाच बोटं. कोपऱ्यातल्या एका मावशींचं एक. त्यांच्या महिला संघाने पूर्वी पापडाचं यंत्र घेतलं होतं. "मोटर थ्री-फेजवर चालते," त्या म्हणाल्या, "आणि थ्री-फेज कधी रात्री येते, कधी पहाटे. रताळी चिरून ठेवली आणि लाइट गेली की काळी पडतात. ती कोण घेणार?" शिवाय वाळवायला ऊन हवं, आणि काढणीच्या सुरुवातीला आमच्याकडे आभाळ भरवशाचं नसतं. पोरांनी सरकारी योजनेचं नाव काढलं. ते खरंच होतं, तेव्हा सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना होती, खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान कर्जाला जोडून मिळायचं. मावशी म्हणाल्या, "उरलेले ६५ टक्के कुणाचे?" चिठ्ठी फेकली नाही, बाजूला ठेवली आणि तिच्या मागे लिहिलं: आधी वीज, मग यंत्र.

कोल्ड स्टोरेजला तात्यांची पाच बोटं होती आणि माझं एक. इथं मला बोलावं लागलं. बटाट्याची शीतगृहं बहुधा २ ते ४ अंशांवर चालतात. रताळं म्हणजे बटाट्याचा भाऊ असं आपण धरून चालतो, पण ते उष्ण प्रदेशातलं कंदमूळ आहे. १२ अंशांच्या खाली ते बिघडतं: आतून काळं पडतं, शिजवलं तरी मध्ये टणक राहतं आणि बाहेर काढलं की लवकर सडतं. त्याला १३ ते १५ अंश लागतात, म्हणजे स्वतंत्र खोली, स्वतंत्र यंत्रणा. बटाट्याच्या गोदामातला एक कोपरा भाड्याने घेऊन भागणार नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट: काढल्या काढल्या रताळ्याला सुमारे ३० अंशांच्या उबेत, दमट हवेत चार ते सात दिवस ठेवलं की घाव आपोआप भरून येतात, साल घट्ट होते. ते न करता कुठंही ठेवा, सडायचं ते सडतंच.

तात्या नाराज झाले. "म्हणजे एवढी मतं पडली ती फुकट?" फुकट नव्हती. मतं 'कोल्ड स्टोरेज'ला पडली असली तरी लोकांना हवं होतं ते थोडं थांबायला मिळणं. थंडी कुणालाच नको होती. म्हणून त्या चिठ्ठीच्या खाली नवी चिठ्ठी लागली: सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, आठवडाभर राखणे.

त्या नव्या चिठ्ठीलाही लगेच हरकत आली. राखलं की वजन घटतं, आणि व्यापारी पैसे देतो ते वजनावर. शिवाय तो 'थांबता येत नाही' गठ्ठा होताच. ज्याने लागवडीला दलालाकडून उचल घेतली आहे त्याचा माल काढणीच्या दिवशीच त्या दलालाच्या दुकानावर उतरतो. त्याला राखण्याचा सल्ला देणं म्हणजे शुद्ध चेष्टा. बैठकीला असे लोक कमीच आले होते, त्यामुळे ही गोष्ट त्या गठ्ठ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली असती असं मला वाटत नाही. शेवटी असं ठरलं की ज्यांच्यावर उचल नाही, त्यांच्यापुरतीच ही कल्पना धरायची. उचल घेतलेल्यांसाठी वेगळी चिठ्ठी हवी, आणि ती त्यांना विचारूनच लिहायची.

दुपारी चहानंतर उरलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. एका वैनींनी रांगोळीने दोन रेघा ओढल्या: आडवी कष्टाची, उभी फायद्याची. याला मोठं नाव आहे, पण काम सोपं. अडचण एकच, सगळे सगळ्या चिठ्ठ्या 'कष्ट कमी, फायदा जास्त' या कोपऱ्यात नेऊन ठेवतात. म्हणून दोन चिठ्ठ्या एकाच जागी ठेवायच्या नाहीत असं सांगितलं. नवी चिठ्ठी आली की शेजारच्या चिठ्ठीशी ताडून बघायची: हिच्यापेक्षा जास्त कष्ट की कमी?

नांगर लागलेली रताळी शेतातच वेगळी काढायची, ही चिठ्ठी एका काकांनी थेट त्या सोन्याच्या कोपऱ्यात ठेवली. खर्च शून्य, म्हणाले. त्यांच्या सूनबाई काही बोलल्या नाहीत. वाकल्या, चिठ्ठी उचलली आणि आडव्या रेघेच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून आल्या.

"काय करूलीस हे?" काका म्हणाले.

"निवडणार कोण?" एवढंच त्या म्हणाल्या.

काढणीला नांगर पुरुष धरतात. मागे वाकून रताळी वेचणं, माती झाडणं, पोती भरणं बायकांचं. निवडून वेगवेगळे ढीग करायचे तर त्यांचा रोजचा तास-दीड तास जाणार, आणि त्या वेळेची मजुरी कुणाच्या हिशेबात नव्हती. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ याच चिठ्ठीवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. 'कष्ट' या रेघेवर कुणाचे कष्ट हे लिहिलेलं नसेल तर त्या तक्त्याला काही अर्थ नाही, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. मग प्रत्येक चिठ्ठीवर छोट्या अक्षरात 'पु' किंवा 'बा' लिहिलं. तक्त्याचं रूपच बदललं. पुरुषांना सोप्या वाटणाऱ्या बहुतेक कल्पनांवर 'बा' होतं. चिठ्ठी अखेर मधल्या भागात स्थिरावली, आणि तिच्यावर एक अट चढली: निवडीचा तास मजुरीत धरायचा.

बाकीच्या चिठ्ठ्या पटापट मिटल्या. केशरी आणि जांभळ्या गराची नवी वाणं, त्रिवेंद्रमच्या कंदपीक संशोधन संस्थेची भू सोना, भू कृष्णा अशी, बेणं मिळालं तर एखाद-दुसऱ्या वरंब्यावर लावून बघायची. गोव्याला थेट गाडी हवी, पण भाजीवाल्यांच्या गाड्या चोर्ल्याच्या घाटाने रोज जातातच, त्यांच्याशी आधी बोलायचं. कारखाना, ब्रँड, मोबाइल ॲप हे सगळं डब्यात.

दोनच कल्पना पुढं न्यायच्या ठरल्या, निवड आणि राखण, आणि त्या जोडूनच, कारण घाव मोठा असलेली रताळी राखायला टाकली तर बरोबरची पण जातात. लगेच सगळ्या गावात नाही. दोन घरचा माल अर्धा-अर्धा करायचा: अर्धा नेहमीसारखा लगेच मार्केटला, अर्धा निवडून गोणपाटाखाली. दोन्हींचं आधी वजन, नंतर वजन, मिळालेला भाव आणि निवडीची मजुरी एका वहीत. सोडून कधी द्यायचं तेही आधीच लिहून ठेवलं: वजनातली घट आणि मजुरी भावातल्या वाढीपेक्षा जास्त निघाली, तर पुढच्या वर्षी हे नाही. ही ओळ लिहिताना तात्यांनी कुरकुर केली, पण सही केली.

मग पोती कुणाची, यावर वाद. एक काकू तयार झाल्या, पण त्यांची अट होती की वजन सोसायटीच्या काट्यावर नको, त्यावर त्यांचा विश्वास नाही. तात्या बसलेले असताना त्यांनी हे तोंडावर सांगितलं. दलालाच्या काट्याचा तर प्रश्नच नव्हता. अखेर काटा मी फाउंड्रीतून आणायचा असं ठरलं. मालक हो म्हणाले. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं हे मात्र कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं, त्यामुळे ते माझ्याकडे आलं.