रसिकांच्या आग्रहास्तव

नाटकाच्या जाहिरातीत 'रसिकांच्या आग्रहास्तव पुन्हा रंगभूमीवर' असं छापलेलं असतं. असा आग्रह करणारा रसिक मला आजवर भेटलेला नाही. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या तिकीट खिडकीवर जे रसिक भेटतात, त्यांचा आग्रह मधल्या रांगेचा असतो, आणि तोही खांबामागची नको, पंख्याखालची नको, पुढे उंच माणूस नको अशा पोटकलमांसकट. नाटक परत आणा म्हणून निर्मात्याच्या दारात कुणी ठिय्या दिल्याचं ऐकिवात नाही. तरी नाटकं परत येतात. 'नव्या संचात' येतात, 'मोजक्याच प्रयोगांसाठी' येतात, आणि मोजणारा मोजायचं विसरून जाईपर्यंत चालतात. माझी काही तक्रार नाही. रविवारच्या पेपरात मी पहिलं तेच पान उघडतो.

तर लंडनला असलेल्या भाचीचा मेसेज आला, 'मामा, बिली परत येतोय!' 'कोण बिली?' असं बायकोनं चष्म्यावरून बघत विचारलं. मग तिला आठवलं. भाचीनं एका सुट्टीत आम्हा सगळ्यांना बसवून 'बिली एलियट' या लंडनच्या संगीत नाटकाचं चित्रीकरण दाखवलं होतं, आणि मध्यंतरापर्यंत तोंड वाकडं करून बसलेली ही बाई शेवटी पदर डोळ्यांना लावत होती. (ती हे मान्य करत नाही. कांदा चिरत होते म्हणते. चिरत नव्हती.)

'बिली एलियट' ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगण्यात खाणकामगारांचं एक गाव. साल १९८४, मार्गारेट थॅचर यांच्या सरकारविरुद्ध खाणकामगारांचा संप पेटलेला. आई गेलेली, बाप आणि थोरला भाऊ संपात, घरात एक विसरभोळी आजी. बापानं बॉक्सिंग शिकायला म्हणून दिलेले पन्नास पेन्स घेऊन धाकटा पोरगा बिली हॉलवर जातो आणि त्याच हॉलमध्ये चालणाऱ्या मुलींच्या बॅलेच्या वर्गात जाऊन उभा राहतो. पुढचं सांगायला नको. आधी २००० साली सिनेमा आला. मग त्याच ली हॉलच्या लेखणीतून, त्याच स्टीफन डाल्ड्रीच्या दिग्दर्शनाखाली, एल्टन जॉनच्या संगीतासह २००५ च्या मे महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात संगीत नाटक उभं राहिलं. ते एप्रिल २०१६ पर्यंत चाललं. म्हणजे एकाच थिएटरात सलग अकरा वर्षं. आपल्याकडे एका थिएटरात सलग तीन तारखा मिळाल्या तरी निर्माता पेढे वाटेल.

या नाटकाचा मला सर्वांत आवडणारा किस्सा मात्र नाचाचा नाही. त्यात खाणकामगार थॅचरबाईंच्या नावानं नाताळचं एक गाणं म्हणतात, आणि बाईंचं मरण एक दिवस जवळ आलं याचा त्या गाण्यात आनंद आहे. ८ एप्रिल २०१३ ला बाई खरोखरच गेल्या, आणि त्या संध्याकाळी नेमका प्रयोग होता. गाणं ठेवायचं की गाळायचं? नाटकवाल्यांनी सरळ प्रेक्षकांचं मत घेतलं. गाळा म्हणणारे भरल्या थिएटरात तिघं निघाले. गाणं झालं. हे पुण्यात झालं असतं तर काय, असं मी नेहमी मनाशी रंगवतो. मतदान हात वर करून की चिठ्ठ्या टाकून यावर आधी पाऊण तास गेला असता. पाचव्या रांगेतून कुणीतरी 'मूळ संहितेत हे गाणं होतं का' म्हणून उठला असता. आणि मत दोन्ही बाजूंनी देणारे किमान दहा जण निघाले असते.

थट्टा सोडा. पुण्यानं नाटकावरून डोकी तापवण्यात लंडनला कधीच मागे टाकलंय. १९७२ च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' पहिल्यांदा झालं. तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक जब्बार पटेल, चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. नाचतगात, टाळ्यांच्या तालावर झुलणारी माणसांची भिंत. गदारोळ एवढा झाला की ते करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेनं प्रयोग थांबवले. मग त्यातली बरीच मंडळी बाहेर पडली, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० ला ते युरोपात जाऊन आलं. 'आग्रहास्तव' परत आलेलं नाटक म्हणायचं तर मी हे म्हणेन. फक्त आग्रह रसिकांचा नव्हता, करणाऱ्यांचा होता.

पण बिलीची गोष्ट एका बाबतीत जगावेगळी आहे, आणि भाचीचा मेसेज आल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तो परत येतो म्हणजे कोण परत येतो? ही भूमिका करायला पोरगं लहान लागतं, दहा-बारा वर्षांचं. बॅले, टॅप, कसरती, गाणं आणि अभिनय, सगळं त्यानंच करायचं, तेही जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर राहून. एका मुलाला हे रोज झेपणार नाही, लहान मुलांनी किती काम करायचं याचे तिथले नियमही कडक. म्हणून आळीपाळीनं तीन-चार बिली. पहिल्या संचातले तिघे, जेम्स लोमस, जॉर्ज मॅग्वायर आणि लियम मोवर, यांना लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार तिघांत मिळून एक असा मिळाला. न्यूयॉर्कला तिथला टोनी पुरस्कारसुद्धा तिघांत एकच. बरं, एवढं सगळं शिकवून पोरगं तयार झालं, की निसर्ग आपलं काम सुरू करतो. उंची वाढते. आवाज फुटतो. की झालं, पुढचा बिली. हल्ली ज्याला जग स्पायडरमॅन म्हणून ओळखतं तो टॉम हॉलंडही असाच २००८ मध्ये या नाटकात होता. आधी बिलीचा मित्र झाला, मग बिली झाला आणि मग वाढला.

आपली रीत याच्या बरोब्बर उलटी. आपण माणसावर प्रेम केलं की भूमिका त्याच्याकडून सुटू देत नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते सतरा वर्षांचे, शकुंतलेला शोभेल अशा वयाचे. पण पन्नाशी उलटल्यावरही ते नायिकाच करत होते. आमचे आजोबा सांगायचे, 'पडदा वर गेला की एकदा बघून घ्यायचं आणि डोळे मिटायचे. मग 'एकच प्याला'तली सिंधू सोळा वर्षांचीच.' लंडनच्या निर्मात्याला हे सांगितलं तर तो मोजपट्टी घेऊन धावत येईल. मला विचाराल तर दोन्ही रीतींत क्रूरपणा आहे, पण आपल्यात जरा माया जास्त आहे. तिथे पोराला सांगतात, छान केलंस, आता जा. आपण म्हणतो, थांब, आम्ही डोळे मिटतो.

हे झालं संगीत नाटकापुरतं. नाचाचं बोलायचं तर पुण्यात आवाज फुटायची वाट बघावी लागत नाही. दहावी असते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा कथक शिकतो. सध्या सातवीत आहे. त्याला कुणी अडवलं नाही, बापानं हात उगारला नाही, गल्लीतल्या पोरांनी दोनचार महिने चिडवलं आणि नंतर त्यांनाच कंटाळा आला. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून या शहरानं एवढं कथक बघितलंय की आता कुणाला धक्का वगैरे बसत नाही. बाप फक्त एकच वाक्य म्हणतो, 'अभ्यास सांभाळून.' डरहॅमचा खाणकामगार बाप पोरावर ओरडतो, घरात आदळआपट करतो, पण शेवटी त्याच पोराच्या पैशांसाठी संप मोडून खाणीत जायला निघतो. त्याच्या रागाचं काहीतरी होऊ शकतं, तो विरघळू शकतो. 'अभ्यास सांभाळून' हे विरघळत नाही. त्यात राग नाहीच मुळी.

या पोराचा रियाज मी जवळून पाहिलाय. त्यांचं पाणी बंद असलं की मी बादली द्यायला जातो आणि रेंगाळतो. घुंगरू बांधायला त्याला चांगली दहा मिनिटं लागतात. दोरीत ओवलेले पितळी घुंगरू, घोट्यापाशी टोक अंगठ्यानं दाबून धरायचं आणि वर वर वेढे घेत जायचं. सैल राहिलं तर चक्करमध्ये घसरून खाली येतं, घट्ट झालं तर पायाला मुंग्या. दोरीची टोकं गाठ मारून आत खोचताना त्याची जीभ बाहेर आलेली असते. मग हॉलमधली खुर्ची सरकवून, टीपॉय भिंतीला उभा करून, 'ता थै थै तत्, आ थै थै तत्'. आधी ठायीत म्हणजे संथ, मग दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन. चौगुनीत टीपॉयवरची फुलदाणी थरथरते म्हणून ती आता कायमची फ्रिजवर गेली आहे.

त्यांच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. सुरुवातीला त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार घेऊन गेल्या होत्या. आता परिस्थिती अशी आहे की संध्याकाळी जिन्यात पोरगा दिसला की त्या दार उघडून विचारतात, 'आज तिहाई चुकली का रे तुझी? एक पाऊल जास्त पडलं.' (तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं.) छतातून ऐकून ऐकून त्यांचा तीनताल पक्का झालाय. पाहुणे आले आणि वर पाय सुरू झाले की त्या बोट वर करून सगळ्यांना गप्प करतात, आणि सम आली की मान हलवतात. पाहुण्यांना काही कळत नाही.

आता घरात चर्चा आहे ती परीक्षांची. प्रवेशिका पूर्ण झाली, मध्यमा कधी द्यायची. कारण शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा दिलेल्या असल्या की दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. सरकारनं हे चांगल्या मनानंच केलं असणार. पण त्यामुळे झालंय असं की वर्गातल्या निम्म्या आया गुण पदरात पडेपर्यंतचा हिशेब घेऊनच येतात. आठवीत मध्यमा, नववीत थोडं कमी, दहावीत बंद. नाच बंद कर असं कुणी म्हणत नाही, 'यंदा थांबू या' म्हणतात. त्या यंदानंतर अकरावी, बारावी आणि सीईटी येते. या शहरात रस्त्यावर हात पसरून कुणालाही थांबवा आणि विचारा. बँकेतली बाई, दातांचे डॉक्टर, हिंजवडीच्या बसमधली मुलगी, दर चारपाच माणसांत एकजण सांगेल, 'मी पण शिकत होते, दहावीला सोडलं.' आमच्या घरातही एक आहे. कांदा चिरणारी.

बिलीच्या चित्रीकरणातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट यावरूनच सांगायची होती. २८ सप्टेंबर २०१४ चा तो प्रयोग. त्यात एका प्रसंगात छोटा बिली एका मोठ्या, तरुण नर्तकाबरोबर 'स्वान लेक'च्या संगीतावर नाचतो. तो मोठा म्हणजे बिली स्वतःच, पुढे होणारा. आणि तो मोठा बिली त्या दिवशी नाचला लियम मोवर, २००५ च्या पहिल्या तिघांतला, तेव्हा बारा वर्षांचा असलेला. एवढंच नाही, नाटक संपल्यावर आधीचे आणि तेव्हाचे मिळून पंचवीस बिली एकदम रंगमंचावर आले आणि नाचले. कुणाला दाढी, कुणी सहा फुटी. पुण्यात कुणी असं करायला हवं. दहावीला सोडलेल्या सगळ्यांना एका संध्याकाळी बालगंधर्वच्या रंगमंचावर बोलवा. रंगमंच पुरणार नाही. झेड ब्रिजपर्यंत रांग लागेल, आणि दोनेक तास तरी नुसते घुंगरू बांधण्यातच जातील, कारण गाठ मारायची कशी हे निम्म्यांना आठवणार नाही.

भाचीच्या मेसेजच्या निमित्तानं ते चित्रीकरण आम्ही परत लावलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बापलेकांना बोलावलं. खालच्या आजी न बोलावता आल्या. पोरगा पुढे सरकून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होता. बिलीच्या गिरक्यांवर त्याचं मत पडलं, 'काका, चक्कर भारी आहेत, पण तो समेवर येतच नाही.' आजींनी दुजोरा दिला.

बाप गप्प होता. पंचवीस जण नाचायला लागले तसा तो पुढे वाकला. 'हा जो उंच आहे, हाच पूर्वी लहान होता?'

'हो.'

'मधली वर्षं चालूच ठेवलं त्यानं?'

'चालूच ठेवलं. आता तर नावाजलेल्या कंपनीत नाचलाय.'

'आणि शाळा?'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजी म्हणाल्या, 'केली असेल. शाळा कोण चुकवतंय.'

बाप थोडा वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, 'बघू. नववीपर्यंत तरी चालू ठेवू.'

दिवाळीत हाच माणूस आठवीपर्यंत म्हणत होता.